वरच्या खोलीतले मास्तर

दिन्या,

तुझा तेरावा होऊन आठ दिवस झाले. माणसं आली, बसली, चहा पिऊन गेली. 'कुठं वारला म्हणे?' असं प्रत्येकानं विचारलं. मी 'व्हिएतनामला' म्हटलं की प्रत्येकाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. देवगाव रंगारीहून आलेल्या चुलत्याच्या कमलनं तर पदर डोळ्याला लावता लावता विचारलं, 'अगं बाई! तिथं काय होतं त्याचं?' मी म्हटलं, 'स्वस्ताई होती.' तू असतास तर म्हणाला असतास, अक्का, दारी आलेल्या माणसाला असं फाडकन बोलू नये. बोलले. तुझ्यावरचा राग मी कुणावर काढू? तू तर आता हाताला लागत नाहीस.

दर रविवारी सकाळी माझा चहा व्हायच्या सुमाराला तुझा फोन यायचा. तीन रविवार झाले, मी चहा टाकते आणि फोन जवळ घेऊन बसते. वेडी म्हण. आता फोन नाही, म्हणून लिहिते. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती राहिली म्हणून तू परक्या मुलखात मेलास, असं मला वाटतं. आपल्या घरासमोर पंक्चरचं दुकान टाकून बसलेला तुझा शाळासोबती रफिक म्हणतो, 'अक्का, मौत का दिन लिखा रहता.' असंल बाबा, दिवस लिहिलेला असंल. गाव काही लिहिलेलं नव्हतं. गाव मला बदलता आलं असतं.

अडीच वर्षांपूर्वीचा तो फोन तुझ्या लक्षात असंल. मी अंगणात मिरच्या निवडत बसले होते. तू म्हणालास, 'अक्का, मी कॅनडा सोडतोय.'

त्या घटकेला मला काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. हातातली मिरची हातात राहिली. मनात म्हटलं, आला. माझा दिन्या घरी येतोय. केवढा आनंद झाला होता मला! पण आनंद दाखवला तर आपलं कसं व्हायचं? मी आपलं कोरडंच विचारलं, 'बरं. मग कुठं?'

'व्हिएतनाम.'

'अरे देवा! तिथं लढाई चालू असती ना?'

तू हसलास. 'ती संपून जमाना झाला, अक्का. लई स्वस्त हाय तिथं. समुद्र हाय. बर्फ काढायचा नाय, हीटर लावायचा नाय. माझ्या पेन्शनमध्ये माणसासारखं राहता येतं.'

'स्वस्तच पाहिजे तर देवगावला जा. वडाखाली बस. कुणी उठवणार नाय.'

'तिथं माझं कोण हाय आता?'

इथं मी बोलायला पाहिजे होतं. मुकुंदवाडीत मी हाय ना. चार शब्द. त्याऐवजी मी म्हणाले, 'बघ बाबा. तुझा तू शहाणा हायस.' मग तू तिकडच्या हवेचं सांगत राहिलास आणि मी हं हं करत मिरच्यांची देठं मोडत राहिले.

तुझं तिकडं काय झालं होतं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. वाळूजच्या कारखान्यात डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवणारा माझा भाऊ कॅनडाला गेला, म्हणून मी गल्लीत पेढे वाटले होते. पुढं तुझी बायको ज्योती वेगळी झाली, ते तू मला दोन वर्षं सांगितलं नाहीस. 'ती बाहेर गेलीय', 'ती झोपलीय', 'तिची ड्यूटी हाय'. दोन वर्षं एक बाई सारखी बाहेर कशी गेलेली असते, हे मलाही विचारावंसं वाटलं नाही. मग घर विकलं, दोघांत वाटलं, तू भाड्याच्या तळघरात गेलास. खांदा गेला, काम सुटलं. एकदाच बोलून गेलास, 'अक्का, इथं नुसता श्वास घ्यायचा म्हटलं तरी कामावर जावं लागतं.' मी म्हटलं, 'इथं काय वेगळं हाय का?' कसली बाई मी! भाऊ बुडतोय म्हणून हात वर करतोय आणि मी त्याला सांगते, पाणी सगळीकडंच असतं.

आपण दोघं असे कसे झालो रे? आपल्या बापानं, अण्णांनी केलं. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेला माणूस. पोलीस ॲक्शननंतर रेल्वेत लागला, पण बोलणं त्या शाळेतलंच राहिलं. कुणाला तसदी द्यायची नाही, हा त्यांचा कायदा. पाहुण्याकडं गेलं तर दुसऱ्यांदा पाणी मागायचं नाही. आजारी पडलं तर शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही. घरात सुद्धा काही हवं असलं तर सरळ मागायचं नाही. तुला दूध पाहिजे असलं की तू आईला विचारायचास, 'आज मांजर आलं होतं का?' आई ओळखायची आणि म्हणायची, 'नाय आलं. हाय थोडं.' आणि वाटी पुढं करायची. आई गेली आणि ओळखणारं माणूस गेलं. उरलो तू आणि मी. तू मांजराचं विचारत राहिलास आणि मी मांजराचंच उत्तर देत राहिले.

आता हक्कसोडीचं बोलते. नऊ वर्षं ते आपण दोघांनी तोंडातून काढलं नाही. आज काढते.

तहसीलमध्ये माझी तीस वर्षं गेली. त्या ऑफिसात मी किती बहिणी बघितल्या म्हणून सांगू! भाऊ जीप करून बहिणीला आणतो, नवं लुगडं घेतो, हॉटेलात जेवू घालतो आणि बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही घेतो. सही करताना कुणी हसायची, कुणी खाली बघायची. मला संताप यायचा. मी भर ऑफिसात म्हणायची, ह्या जन्मी मी असल्या कागदावर सही करणार नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

आई गेली तेव्हा तू आला होतास. तेराव्याला जेवणं झाल्यावर चुलते म्हणाले, 'नलूबाई, आता दिनकर हाय तवर सही देऊन टाक. घर त्याच्या नावावर करू.' झालं! माझं टाळकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'सही? आईचं गू-मूत चार वर्षं मी काढलं. हा तिकडनं स्वेटर पाठवायचा. मी कशाला सही देऊ?' तू जेवणाचं ताट धुऊन येत होतास. ताट हातात घेऊन दारात उभा राहिलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालास, 'अक्का, चल. रजिस्ट्री ऑफिसला जाऊ.' मी चांगलं इस्त्रीचं पातळ नेसले, भांडायची सगळी तयारी करून रिक्षात बसले. क्रांती चौक येईपर्यंत दोघं दोन बाजूंना बघत होतो. तिथं कागद तयार होता. मी वाचला. दिनकर आपला सगळा हक्क बहिणीला सोडून देतोय. कॉम्प्युटरवरचा पोरगा मला ओळखत होता. तो म्हणाला, 'मॅडम, नावं उलटी पडली का काय? भाऊ सोडतोय?' तू म्हणालास, 'बरोबर हाय. तसंच राहू द्या.'

आणि मी काय केलं? मी नको म्हटलं नाही. हेच ते. 'अरे वेड्या, मला अर्धंच पाहिजे होतं' असं म्हणायचं होतं. पण तहसीलच्या कामातले माझे जुने ओळखीचे टेबलाटेबलावरून बघत होते आणि मला वाटलं, बघा, नलूनं भावाकडून सही घेतली. मी जिंकले होते ना! त्या जिंकण्याची मला अशी काही धुंदी चढली की तुझा चेहरा मी बघितलाच नाही. तू यंत्रावर अंगठा दाबलास, कॅमेऱ्याकडं बघितलंस, आणि बाहेर येऊन मला उसाचा रस पाजलास. म्हणजे हॉटेलात जेवू घालायची रीत पण तूच पाळलीस.

पुढं मला लाज वाटायला लागली. लाज वाटली की मी जास्तच ताठ होते, तुला माहिती हाय. तू फोनवर घराबद्दल काही विचारलंस की मला वाटायचं, टोचतोय. 'गच्ची गळते का गं?' टोचतोय. 'जिन्याचा कठडा नीट केलास का?' टोचतोय. तू खरंच कठड्याचं विचारत असशील, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आणि मग तो रविवार. तुला व्हिएतनामला जाऊन सहा महिने झाले होते. नवलाई संपत आली होती. पहिल्यांदा तू समुद्र दाखवायचास, बाजार दाखवायचास, फुटपाथवर बुटक्या स्टुलावर बसून शेवयांचं पाणी पिणारी माणसं दाखवायचास. 'अक्का, कोथिंबिरीची जुडी बघ केवढी! मिरची बघ! फक्त ज्वारी नाय.' मग समुद्र कमी झाला आणि तुझ्या खोलीची भिंतच दिसायला लागली. दर तीन महिन्यांनी तुला हद्द ओलांडून दुसऱ्या देशात जावं लागायचं आणि नवा शिक्का घेऊन परत यावं लागायचं. बासष्टीचा माणूस, खांद्याला पट्टा लावून अख्खा दिवस बसमध्ये. मी म्हणायची, 'चोरासारखी हद्द कशाला ओलांडतोस रे?' सगळ्या दुनियेत एकच देश असा होता जिथं तुला कुणी शिक्का मागितला नसता. तुझ्याकडं आपल्या देशात येऊन राहायचं जन्मभराचं कार्ड होतं. ते तू मला एकदा कॅमेऱ्यापुढं धरून दाखवलंस पण. मी म्हटलं, 'फोटो चांगला आलाय.'

त्या रविवारी तू विचारलंस, 'अक्का, वरच्या खोलीत सध्या काय ठेवतेस?'

दिन्या, मांजराचाच प्रश्न होता रे तो! आईनं एका घटकेत ओळखला असता. मला काय वाटलं असंल? मला वाटलं, हा म्हणतोय, एवढं अख्खं घर गिळलंस, त्याचं करतेस तरी काय? वर खरं म्हणजे ज्वारीचं पोतं होतं, पापडाची चटई होती आणि तुझी लोखंडी खाट होती. मी म्हणाले, 'भाडेकरू ठेवलाय.'

तू म्हणालास, 'बरं केलंस. सोबत होते. कोण हाय?'

'मास्तर हायत. बीडकडचे. एकटेच.'

हे मास्तर माझ्या तोंडून कुठून आले, मला आजवर कळलेलं नाही. नाव पण दिलं त्यांना. कुलथे सर.

ती खोली कुणाची होती, हे मला ठाऊक नव्हतं का? सोयगावला मला दिलं होतं. दोन वर्षांत एक पिशवी घेऊन परत आले. भर दुपारी. आईनं दार उघडलं, पिशवीकडं बघितलं, आणि म्हणाली, 'हातपाय धू. भाकरी टाकते.' किती दिवसांसाठी आलीस, असं त्या घरात मला कुणीच विचारलं नाही, आजपर्यंत नाही. तू तेव्हा आयटीआयला होतास. वरची खोली तुझी होती, अण्णांनी तुझ्या अभ्यासासाठी बांधलेली. मी जेवून उठले तर माझी पिशवी वर नेऊन ठेवलेली, खाटेवर धुतलेली चादर, आणि तुझी पुस्तकं खाली जिन्याखाली. पुढं सहा वर्षं तू जिन्याखाली झोपलास. 'अक्का, तू राहा वर' एवढं सुद्धा म्हणाला नाहीस. म्हणायची गरजच पडू दिली नाहीस.

आणि मी त्याच खोलीत मास्तर बसवले.

खोटं एकदा बोललं की त्याला खायला घालावं लागतं. दर रविवारी तू विचारायचास, 'काय म्हणतात मास्तर?' आणि मी सांगायची. नळ उघडा टाकून जातात. पेटी वाजवतात, सूर एक लागत नाही. गुडघे दुखतात म्हणून कुथत जिना चढतात. त्यांचं एक लग्न मोडलं, दुसरं जमता जमेना. खरं सांगू? मला मजा यायला लागली होती. तू पोट धरून हसायचास. 'अक्का, मग त्या जालन्याच्या स्थळाचं काय झालं?' मी म्हणायची, 'पोरीनं पेटी ऐकली आणि उठून गेली!' तू डोळे पुसायचास हसून हसून. मला वाटायचं, तेवढंच पोराचं मन रमतं. आपल्याला बोलायला दुसरं काही नव्हतंच ना. घराचं बोलायचं नाही, ज्योतीचं बोलायचं नाही, आईचं बोलायचं नाही. राहिले मास्तर.

गेल्या दिवाळीला तू म्हणालास, 'अक्का, मास्तरांची बदली-बिदली झाली तर सांग हां मला.'

'ते कशाला जातात? मूळव्याधीसारखे चिकटलेत.'

'तसं नव्हे. सरकारी माणूस हाय. झाली बदली तर सांग.'

संक्रांतीला परत तेच. 'झाली का गं बदली?' तुझा आवाज बसलेला होता. मी विचारलं तर म्हणालास सर्दी झालीय. तुझं तोंड एवढंसं झालं होतं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला कसंतरीच झालं. काही कळलं, काही नाही. मी वर गेले. पोतं बाजूला ओढलं, खाट झटकली. ठरवलं, बास झालं. मास्तरांची बदली करून टाकायची. त्यांना परत बीडला धाडायचं, आणि दिन्याला म्हणायचं, खोली रिकामी झाली, आता येतोस का चार दिवस? चार दिवस म्हणून बोलवायचं आणि मग किती दिवस, ते विचारायचंच नाही.

ठरवलं होतं रे. देवाशपथ ठरवलं होतं.

मग लगेच फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. ऐक आणि हस माझ्यावर. मास्तरांच्या बदल्या मे महिन्यात होतात. आत्ता जानेवारीत बदली झाली म्हटलं तर तुला खोटं वाटंल, असा मी विचार केला. तीस वर्षं मी बदल्यांचे कागद हाताळले. शाळा चालू असताना मधेच मास्तर कसा जाईल? परीक्षा होतील, उन्हाळी सुट्टी लागंल, ऑर्डरी निघतील, मग जातील. जो माणूस जन्मालाच आला नाही, त्याच्या बदलीला मी ऑफिसचा नियम लावला. मेपर्यंत थांबू म्हटलं. तीन-चार महिन्यांनी काय होतंय?

तू मार्चमध्ये गेलास. मे अजून लागायचाय, दिन्या.

तिथल्या तुझ्या घरमालकिणीनं मला फोन केला होता, तू गेल्यावर चौथ्या दिवशी. तुझी पोरगी रेवा कॅनडाहून तिथं पोचली होती, तिनंच लावून दिला. म्हातारी हात जोडून बसलेली. तिच्या मागं देव्हाऱ्यात तुझा फोटो होता, पुढं केळी आणि उदबत्त्या. ती तिच्या भाषेत बोलायची आणि फोनमधली भाषांतराची बाई ते हिंदीत सांगायची. म्हणाली, तो सकाळी बाजारातून आला, दुसऱ्या जिन्यावर बसला, परत उठला नाही. म्हणाली, त्याला तिसरा मजला जड जात होता. मी त्याला खालची खोली द्यायला पाहिजे होती. माझी चूक झाली. असं म्हणून ती परकी बाई ओक्साबोक्शी रडायला लागली. तिनं तुला नऊ महिन्यांपूर्वी खालची खोली देऊ केली होती म्हणे, आणि तूच 'तसदी नको' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला होतास. तिला काय सांगणार होते? बाई, तू कशाला रडतेस, खोली मी दिली नाही, असं?

काल रेवाचा फोन आला. ती कॅनडाला परत जाण्याआधी इकडं येतेय, तुझ्या अस्थी घेऊन. पैठणला नेऊ, असं आमचं ठरलंय. सगळं ठरल्यावर ती म्हणाली, 'आत्या, स्टेशनजवळ एखादं चांगलं हॉटेल सांगशील का? म्हणजे मी बुकिंग करते.'

'हॉटेल? माझ्या घरी यायचं सोडून हॉटेल?'

'नाही, म्हणजे, जागेची अडचण नको.'

मला वाटलं, तुझी पोरगी सुद्धा आता त्या मेल्या मास्तरासाठी हॉटेलात उतरणार. मी म्हणाले, 'रेवा, अडचण नाही गं. वरती कुणी नाही. भाडेकरू नव्हताच कधी. मी तुझ्या बापाला खोटं सांगितलं. दोन वर्षं खोटं सांगितलं.' मी बोलत सुटले. हक्कसोड, मे महिना, सगळं. तिला किती समजलं कुणास ठाऊक. ती ऐकत होती. मग हळू म्हणाली, 'आत्या, मला माहीत आहे. बाबांना पण माहीत होतं.'

मी म्हटलं, 'काय माहीत होतं?'

'की वर कुणी राहत नाही. त्यांनी रफिकअंकलना विचारलं होतं. मी बाबांना म्हटलं, मग तुम्ही आत्याला सरळ सांगा ना, तुम्हाला यायचंय म्हणून. तर बाबा म्हणाले, तिनं नाही म्हटलंय म्हणजे तिची काहीतरी अडचण असेल. तिला खोटं पाडू नको.'

मी तशीच चप्पल न घालता रस्ता ओलांडून रफिकच्या दुकानात गेले. तो ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता. मी ओरडले, 'दिन्यानं तुला विचारलं होतं? खोलीचं?'

तो उठून उभा राहिला. 'हौ अक्का. उसने पूछा, ऊपर कौन रहता रे? मैं बोला, कोई नै रहता, खाली है. मेरेकू क्या मालूम, झूट बोलना था करके?'

'कधी? कधी विचारलं?'

'बहोत दिन हुए. व्हां गया, उसके छे-सात महिने बाद. इतवार था, बोला अब्बीच अक्का का फोन रखा. बोला, अक्का को नक्को बोल, उसकू बुरा लगेंगा.'

इतवार. म्हणजे त्याच रविवारी. माझा फोन ठेवलास आणि त्याला लावलास. पहिल्या दिवसापासून तुला ठाऊक होतं. नळ, पेटी, गुडघे, जालन्याची पोरगी, सगळं तू ठाऊक असून ऐकलंस. ठाऊक असून हसलास. आणि ठाऊक असून मला दोनदा विचारलंस, बदली झाली का. मला माझ्या खोट्यातून बाहेर पडायला तू जिना लावून देत होतास. मला तसदी न देता, मला खाली बघायला न लावता. आणि मी म्हटलं, चिकटलेत.

नाही रे दिन्या, एवढं चांगलं असू नये माणसानं. मी तुझ्यावर रागावलेय. आई गेल्यावर आपल्या दोघांत ओळखणारं कुणी नाही असं मी वर लिहिलं ना, ते चुकलं. तू सगळं ओळखत होतास. मग एकदा, फक्त एकदा, का नाही ओरडलास? 'अक्का, खोटं बोलतेस, खोली रिकामी हाय, आणि मी येतोय' असं म्हणायचंस. मी शिव्या दिल्या असत्या. दोन दिवस फोन उचलला नसता. तिसऱ्या दिवशी रफिकला घेऊन विमानतळावर येऊन उभी राहिले असते रे.